पाटाचं पाणी

हेळवी आला तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढत होतो.
त्याचा आजा बैलावर बसून यायचा म्हणे, घंटा वाजवत.
हा मोटारसायकलवरून आला,
डिकीत चोपडी, चोपडीवर साखर कारखान्याची पिशवी.
उंबऱ्यात बसून एका दमात वाचली त्यानं आमची ओळ,
मध्ये एकदाच आवंढा गिळून:
रायबाचा सटवाजी, सटवाजीचा निंगोजी,
निंगोजीचा दौलू, दौलूचा मी.

म्हटलं, केरबा राहिला.
"कोन केरबा?"
आईनं पाट लावला तो. उद्यमनगरात मोल्डर होता.
"पाटाचं आमी लिवत न्हाई, अण्णा. ह्ये रगताचं बुक हाय."
चहा पिऊन, पायली जोंधळे घेऊन गेला.

दौलू कागदावर सरळ रेघेनं उतरतो.
मी चौदा महिन्यांचा असताना गुऱ्हाळावर साप चावून गेलेला.
बापाबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच:
एक नाव, एक साप.

केरबाची रेघ कुठून काढू?
ओतीव भाग थंड झाला की तो बोटाच्या पेरानं वाजवायचा.
खण्ण आला तर पाटीत,
बद्द आला तर परत भट्टीत.
मी अजून दुकानात कपबश्या तशाच वाजवून घेतो,
दुकानदार वैतागतो.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, बापाचं काय लावू?
"ज्याचं त्याचं लावा," म्हणाला,
आणि पालकाच्या रकान्यात अंगठा उठवला.
तीन शब्दांत त्यानं स्वतःला खोडलं
माझ्या प्रत्येक दाखल्यातून,
माझ्या लग्नपत्रिकेतूनसुद्धा,
जिचे पैसे त्यानं भरले होते.
मीही त्याला काकाच म्हणत राहिलो.
पंचगंगेचं पाणी पाटानं उसाला जातं.
ऊस म्हणतो का त्याला काका?

चुलतभाऊ बाजीराव फोनवर हसला:
"मग काय, शेजारी बी घालनार व्हय?"
मीही हसलो. फोन ठेवल्यावर आठवलं,
आई तापानं पडली तेव्हा महिनाभर
मुलाण्याच्या जैतूनबीनं भरवलं होतं मला.

रविवारी एसटीनं कागलला गेलो, हौसाक्काकडे.
केरबाची लेक, पहिलीची. ऐंशी पार.
पावट्याच्या शेंगा सोलत होती.
तिला वाचता येत नाही.
कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मी कुठली ह्यातली?"
दाखवलं.
"ही रेघ अशी का? शिवण उसवल्यागत?"
सावत्र म्हणून तुटक काढलीय, म्हणालो,
आणि माझाच आवाज बद्द आला.

चार शेंगा सोलून झाल्यावर बोलली,
"मला घालतुयास तर माझ्या आईला बी घाल."

तिची आई.
माझ्या आईच्या दुसऱ्या नवऱ्याची पहिली बायको.
माझी कोण?
मी म्हटलं, अक्का, असं घालत गेलो तर कागद पुरायचा नाही.

"तुझ्या आईच्या गळ्यात चांदीचा टाक हुता, ध्यानात हाय?"
होता. मण्यांच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात,
झिजून नाकडोळे गेलेला. देवीचा वाटायचा मला.
"देवीचा कशाचा? सवतीचा.
गुजरीत घडवून घेतल्याला, माझ्या आईचा.
तुझ्या आईनं तिला जनमभर गळ्यात घातली,
आन् तुला कागदावर घालाया जड जातंय?"

मी पेन्सिल काढली. नाव काय तिचं?

हौसाक्का सोललेले दाणे उगाच हलवत राहिली.
"उचगावकरीण म्हनायची लोकं.
बानं कधी नाव घेतलं न्हाई.
मी तीन वर्साची हुते."

रात्री घरी कागदाला कागद जोडला, कणकेच्या खळीनं.
सांधा दिसतो. दिसू दे.
तुटक रेघा खोडल्या, पण त्यांचे वळ राहिलेत.
केरबा शाईनं लिहिला. हौसा. जैतूनबी समासात,
बाजीरावला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि अगदी कडेला, खळ अजून ओली होती तिथं,
उचगावकरीण,
पुढं थोडी जागा सोडून.